कोल्हापुरात 3 दिवस आहात ना, मग देऊळ झाल्यावर तालमीत या

ताई, तुम्ही विचारलंय की नाशिकहून 6 जण येताय, आई-बाबा सत्तरीचे, मुलगा 15 वर्षांचा आणि फुटबॉलवेडा, मुलगी 11 वर्षांची, तिला चित्रं काढायचा नाद, आणि अंबाबाईचं दर्शन, पन्हाळा, रंकाळा, तांबडा-पांढरा हे तर होईलच पण बाकीच्या वेळात खेळ, नाटक, एखादा उत्सव असं काही बघायला मिळतं का, आणि यायचं तर कुठल्या महिन्यात. मी शिवाजी पेठेत वाढलोय आणि गेली 26 वर्षं पाहुण्यांना गाव दाखवायचं काम करतोय, तर जरा सविस्तरच लिहितो, घाई असेल तर सेव्ह करून ठेवा.

पहिल्यांदा एक शब्द समजून घ्या, तालीम. तुमच्याकडं तालीम म्हणजे व्यायामशाळा किंवा नाटकाची रिहर्सल. आमच्याकडं तालीम म्हणजे पेठेचं घर. खाली लाल मातीचा आखाडा असतो (सगळीकडं आता उरलेला नाही, पण जागा असते), वर बैठकीची खोली, भिंतीवर जुन्या पैलवानांचे फोटो, आणि त्याच तालमीची फुटबॉल टीम, त्याच तालमीचा गणपती, मोहरमला त्याच तालमीत पंजा (हाताच्या आकाराचं मोहरमचं पवित्र चिन्ह) बसतो, शिवजयंतीला तिथलीच पोरं दांडपट्टा फिरवतात, आणि 2019 ला आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी गावात शिरलं तेव्हा बोटी, भाकरी, चादरी घेऊन हीच पोरं धावत होती. पाहुणे येतात, देऊळ बघतात, मिसळ खातात, चपला घेतात आणि जातात, मला दरवेळी वाईट वाटतं, कारण या गावातला खेळ, कला, सण हे सगळं जिथून निघतं ती तालीम त्यांनी बघितलेलीच नसते.

तर पहिल्या दिवशी पहाटे उठा. आई-बाबांना झोपू द्या, तुम्ही, मिस्टर आणि पोरं 5.30 पर्यंत तालमीच्या दारात. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही नावाजलेली नावं. आधी वस्तादांना (तालमीत कुस्ती शिकवणाऱ्यांना) विचारायचं, तेही आदल्या दिवशी जाऊन किंवा ओळखीतून, कारण ही राहायची-शिकायची जागा आहे, पोरं लांबच्या खेड्यातनं येऊन तिथंच राहतात, तिथंच स्वयंपाक करतात. काही तालमीत बायकांना आखाड्याजवळ येऊ देत नाहीत, जुनी रीत आहे, मला पटत नाही आणि मी ते तोंडावर बोलतोही, पण तुम्हाला दारातून परत यायला लागू नये म्हणून आधी विचारणं बरं. चपला बाहेर. फोटो विचारून. आणि मातीत पाय टाकायचा नाही, पैलवानसुद्धा आधी मातीला हात लावून कपाळाला लावतो आणि मगच उतरतो.

ती माती नुसती माती नसते. त्यात तेल, ताक, लिंबू, हळद, कापूर घालून ती मऊ ठेवतात, रोज खणतात, म्हणून पोरं पडली तरी फारसं लागत नाही आणि खरचटलं तर पिकत नाही असं पैलवान सांगतात. तुमच्या मुलीला वही घेऊन कोपऱ्यात बसू द्या. एकदा एक असाच पाहुण्यांचा ग्रुप होता, त्यातली एक लहान पोरगी दीड तास हलली नाही, जोर मारणाऱ्या पोरांच्या पाठीच काढत बसलेली, आणि नंतर वस्तादांनी तिच्या वहीतलं पान मागून घेऊन भिंतीला लावलं. आजही आहे ते तिथं.

आता खासबाग. शाहू महाराज 1902 ला युरोपला गेले होते, रोममध्ये त्यांनी कलोझियम बघितलं आणि तसं मैदान आपल्या पैलवानांसाठी पाहिजे हे डोक्यात घेऊन आले, 1912 ला खासबाग मैदान तयार झालं. तुम्ही गेलात की एक गोष्ट करून बघा, सगळ्यात वरच्या, मागच्या कडेला बसा. मधला हौदा (कुस्तीची जागा) तिथूनही पूर्ण दिसतो, पुढच्याचं डोकं आडवं येत नाही, कारण उतारच तसा काढलाय. 25-30 हजार माणूस मातीवर मांडी घालून बसतं आणि शेवटच्या माणसालाही टांग कुणी कुणाला लावली ते दिसतं. कुस्ती नसेल त्या दिवशीसुद्धा तिथं जाऊन बसा, आई-बाबांना घेऊन, सकाळी ऊन कोवळं असताना.

पण खरी मजा मैदान असेल तेव्हा, आणि खासबागेत मोठं मैदान रोज नसतं. त्यापेक्षा गावाकडच्या जत्रा बघा, सुगी संपत आली की म्हणजे साधारण जानेवारीपासून मे पर्यंत कोल्हापूर, सांगलीच्या गावागावात जत्रेची मैदानं लागतात, कुठल्याही तालमीत विचारलं की या आठवड्यात कुठं आहे ते सांगतात. जायचं दुपारी 3 पर्यंत, उशिरा जाऊ नका. पाहुणे नेहमी चूक करतात, मोठी कुस्ती रात्री म्हणून रात्रीच जातात. आधी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, 8-10 वर्षांची, लंगोट सावरत आलेली, जिंकलं की सगळ्या मैदानाला फेरी मारतात आणि लोक दहा-वीस, पन्नासच्या नोटा हातात कोंबतात. ते बघितल्याशिवाय मोठ्या कुस्तीत जीव अडकत नाही. मुलींच्या कुस्त्याही आता लागतात. आणि हलगी ऐका. हलगीवाला पैलवानांकडं बघून वाजवत असतो, दोघं खडाखडी करताना ठेका संथ, कुणी पट काढला की चढतो, आणि कुणी कुणाला उचलला की मैदानातला प्रत्येक माणूस उभा. निकाली कुस्ती म्हणजे चितपट होईपर्यंत, पाठ पूर्ण मातीला लागली पाहिजे, गुण नाहीत, त्यामुळं नियम माहीत नसलेल्या माणसालासुद्धा सगळं कळतं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा हा कुठला डाव, तो ढाक, कलाजंग, घिस्सा, धोबीपछाड सगळं हातवारे करून सांगेल आणि वर शेंगाही देईल.

खाशाबा जाधवांचं नाव मुलांना माहीत असेल, 1952 ला हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले इथल्या राजाराम कॉलेजात, आणि त्यांच्या प्रवासखर्चासाठी कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. ही गोष्ट मी प्रत्येक शाळकरी मुलाला सांगतो.

फुटबॉलकडं येतो, तुमचा मुलगा वाट बघत असेल. महाराष्ट्रात मुंबई सोडली तर फुटबॉलसाठी दुपारची दुकानं अर्धी बंद करणारं गाव हेच. सामने शाहू स्टेडियमवर होतात, खासबागेपासून चालत जाता येतं. दिवाळी झाली की हंगामाची गडबड सुरू होते, आधी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग आणि मग मे पर्यंत एकामागून एक नॉकआऊट स्पर्धा. टीमची नावं ऐका, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ. बघा, पुन्हा तालीमच. कुस्तीच्या आखाड्यातनं बाहेर आलेली पोरं संध्याकाळी बॉल घेऊन मैदानात उतरली आणि पेठेची ईर्षा मातीवरून गवतावर आली. 2017 च्या 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा.

सामना साधारण दुपारी 4 चा असतो, तिकीट स्वस्त असतं, मोठ्या पेठांची लढत असेल तर 2 तास आधी जाऊन बसायचं. बायकांसाठी वेगळी गॅलरी असते आणि ती भरलेली असते, आज्ज्या येतात नातवाचा खेळ बघायला. फक्त एक जपा, मुलगा जो काही जर्सी घालून येणार असेल त्याचा रंग कुठल्या पेठेचा आहे ते न कळता त्या पेठेच्या विरोधकांत जाऊन बसू नका, साधा पांढरा-काळा शर्ट घाला. आणि फायनल संपल्या संपल्या गर्दीत राहू नका, 15 मिनिटं आधी किंवा अर्ध्या तासानं बाहेर पडा. समर्थकांत वाद होतात, हे लपवण्यात अर्थ नाही, त्यापायी चांगल्या खेळाचं नाव खराब होतं आणि आमच्यासारख्यांना त्याचा त्रास होतो. एकदा मी एका कुटुंबाला फायनलला नेलं आणि सामना संपायच्या आधी बाहेर काढायला विसरलो, गेटवर रेटारेटीत त्यांची लहान पोरगी रडायला लागली, चूक माझी होती, तेव्हापासून घड्याळ बघून उठतो.

नाटकाचं सांगताना मन जड होतं. खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 ला पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालं, नंतर गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. केशवराव याच गावचे, 1921 मध्ये बालगंधर्वांबरोबर त्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान केलं आणि त्याच वर्षी गेले, वय अवघं 31. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी त्या रात्री रस्त्यावर उभा होतो, आजूबाजूला नाटकवाली माणसं, बॅकस्टेजची पोरं, मेकअपवाले, सगळे नुसते उभे राहून रडत होते. खासबागेचं स्टेजही त्यात जळालं. पुन्हा होतं तसं उभारायचं काम हाती घेतलंय. तुम्ही याल तेव्हा तिथं कुठवर आलंय आणि प्रयोग कुठं लागलेत ते पेपरातल्या छोट्या जाहिराती बघून ठरवा, ते तिकीटवाल्या अॅपवर सगळं दिसत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात आलात तर राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी चालू असण्याची शक्यता आहे, तिकीट चहा-वड्याच्या भावात, आणि हौशी मंडळी दिवसभर नोकरी करून रात्री जीव तोडून काम करतात. आई-बाबांना ते नक्की आवडेल.

मुलीसाठी एक सकाळ वेगळी ठेवा. या गावाला कलापूर म्हणतात. टाऊन हॉल म्युझियम (सोमवारी बंद) मध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली ग्रीक समुद्रदेवाची, पोसायडनची, छोटी ब्राँझची मूर्ती आहे, दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेकाठच्या या वस्तीचा व्यापार कुठवर होता ते त्यावरून कळतं, आणि आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत, ज्यांनी रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा परिसर रंगवला. आधी चित्र दाखवा आणि मग संध्याकाळी त्याच रंकाळ्यावर न्या, तिला प्रकाश कसा बघायचा ते आपोआप कळेल, आपण काही शिकवायला लागत नाही. मग राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय, सिनेमातला नट म्हणून आई-बाबांना माहीत असतील, पण मोठे चित्रकारही होते, त्यांच्या राहत्या घराचंच संग्रहालय झालंय. तिथून येताना खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक बघा, दोन मिनिटं गाडी थांबवा. बाबूराव पेंटर हे नाटकाचे पडदे रंगवणारे, त्यांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि 1917 ला महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. तिथंच शिकलेली माणसं 1929 ला बाहेर पडली आणि प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, ती पुण्याला 1933 ला गेली, त्याआधी पहिला मराठी बोलपट इथं बनला. आणि गाण्याची आवड असेल तर देवल क्लबचा कार्यक्रम लागलाय का बघा, 1883 पासूनची संस्था आहे. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते, जयपूर घराण्याची गायकी या गल्ल्यांत वाढली.

आता महिना. बहुतेक जण नवरात्रात येतात. याच, पण दर्शनाची घाई ठेवून येऊ नका. नवरात्रात बघायचं ते रस्त्यावर. पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर भेटीला जाते आणि तिथं कोहळा फोडतात, अष्टमीच्या रात्री देवी वाहनात बसून नगरप्रदक्षिणेला निघते, सगळा मार्ग रांगोळ्यांनी भरलेला, आणि दसऱ्याला दसरा चौकात सूर्य मावळताना शमीपूजन, छत्रपती जुन्या मेबॅक गाडीतून येतात, सलामी होते आणि मग सोनं लुटायला जी झुंबड उडते त्यात आई-बाबांना अजिबात नेऊ नका. त्यांना आधी 4 वाजताच कडेला खुर्चीची सोय बघून बसवा. आणि अष्टमीला गाडी गावात आणायची नाही, बाहेर लावायची आणि चालायचं.

चैत्रात जोतिबाची यात्रा, सासनकाठ्या आणि गुलाल, डोंगर गुलाबी होतो, लाखो माणूस असतं. तुमच्यासारख्या म्हातारी-लहान असलेल्या ग्रुपला मी ती सांगत नाही. त्यापेक्षा यात्रेच्या दुसऱ्या दिवशी रात्री गावात अंबाबाईचा रथ निघतो तो बघा. आषाढात आलात तर मंगळवार-शुक्रवार गल्लोगल्लीच्या त्र्यंबोली (म्हणजे टेंबलाई) यात्रा असतात, बायका-पोरी नव्या पाण्याच्या कळशा डोक्यावर घेऊन टेकडीकडं निघतात आणि पुढं पी-ढबाक हे पारंपरिक वाद्य वाजतं. ही पाहुण्यांसाठी केलेली गोष्ट नाही, गल्लीची घरची गोष्ट आहे, कुणी कळशी तुमच्या हातात दिली तर नाही म्हणू नका.

गणपती विसर्जनाची मिरवणूक 24 तासांहून जास्त चालते, पण आवाज फार झालाय, म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही, मी स्वतः आता फक्त सकाळी मानाचे गणपती बघतो आणि घरी येतो. मोहरमबद्दल मात्र कुणी पाहुण्यांना सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो, गंगावेशीजवळ बाबूजमाल तालीम आहे, तिथला पंजा प्रसिद्ध, आणि तिथल्या दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलाय. 2018 पासून 3 वर्षं गणपती आणि मोहरम एकत्र आले तेव्हा कितीतरी तालमीत एकाच मांडवात दोन्ही बसले होते. आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही, लहानपणापासून तसंच बघितलंय.

तुमच्या घरासाठी मला दोनच वेळा योग्य वाटतात. पहिली, दिवाळीची सुट्टी. पाडव्याला गवळी लोक म्हशी सजवतात, शिंगं रंगवून, मोरपिसं लावून, आणि मोटरसायकलच्या मागं पळवत आणतात, मालकाच्या हाकेला ती एवढी मोठी म्हैस ओळखून धावत येते, पोरं खुळी होतात बघून. तिथून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत थांबता आलं तर पहाटे पंचगंगा घाटावर हजारो पणत्या लागतात. दुसरी, 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. तेव्हा किरणोत्सव असतो, मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून सरळ गाभाऱ्यात जातात, पहिल्या दिवशी देवीच्या पायाशी, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत-छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आले, धुकं आलं तर किरणं अर्ध्यातच थांबतात, हे धरून या. (9 ते 11 नोव्हेंबरलाही असतो, एखाद्या वर्षी तो दिवाळीच्या सुट्टीत येतो.) पण फेब्रुवारीत फुटबॉलचा हंगाम भरात असतो, जत्रांची मैदानं सुरू झालेली असतात, गुऱ्हाळं चालू असतात, गरम काकवी मिळते, हवा चांगली असते. शाळेची 3 दिवस सुट्टी टाकावी लागेल, टाका. मी तर हीच सांगेन.

सणवार काही नसतानाच यायला लागलं तर शुक्रवार मध्ये धरून या, रात्री देवळात अंबाबाईची पालखी निघते, गर्दी बेताची असते, आई-बाबांना शांतपणे बघता येतं. तिथून 10-15 मिनिटांवर गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर जा, म्हैस तुमच्यासमोर पिळतात आणि फेसाळ दूध तसंच ग्लासात देतात. पचायला जड असतं, मुलीला अर्धाच ग्लास द्या. मुलाला पूर्ण द्या, आणि तिथं उभ्या असलेल्या पोरांना त्यानं विचारावं की उद्या शाहू स्टेडियमवर कुणाचा सामना आहे, उत्तर तिथंच मिळेल, आणि बहुतेक बसायची जागाही.